हेलनबाईंची शाल

नागपूरला जाताना दर वेळी माझ्या बॅगेत चॉकलेटं असतात. या वेळी चॉकलेटांच्या जोडीला मोबाइल उभा करायची एक तिपाई होती आणि डोक्यात राग होता. तिपाई तिकडच्या आमच्या मराठी मंडळाची, राग माझा स्वतःचा.

कॅनडातल्या ज्या लहानशा शहरात माझं अर्धं आयुष्य गेलं, तिथे माझ्या कुंपणापलीकडे हेलन राहते. निवृत्त शिक्षिका, एकटीच. गावच्या साप्ताहिकात तिचं सदर येतं आणि त्या सदरावरच ती जगते म्हटलं तरी चालेल. सोमवारपासून तिचा चेहरा विषय शोधत फिरत असतो. मागच्या हिवाळ्यात मी हौसेनं तिला नागपूरला नेलं. माझ्या दादाकडे राहिली, वहिनीच्या हातचं जेवली, संत्री खाऊन खाऊन तिची बोटं पिवळी झाली. परत आली आणि तिनं लिहिलं, की या देशात नवा रस्ता फोडायलाच बांधतात, जळलेला ट्रान्सफॉर्मर महिनोन् महिने बदलत नाहीत, आणि हे सरकार बहिरं आहे.

बहिरं! आमच्या मंडळात नुसता वणवा पेटला. मला तर दुकानात गल्ल्यावरच्या मुलीनं विचारलं, "तुमच्याकडे खरंच इतकं वाईट आहे का?" तिच्या आवाजात कीव होती. कीव मला सहन होत नाही. मी घरी आले आणि त्या दिवसापासून हेलनशी बोलणं बंद केलं. ती कुंपणावरून हात हलवायची, तेव्हा मला घरात काहीतरी शोधायचं असायचं.

मंडळानं ठरवलं की सदर बंद व्हायला हवं. संपादक भला माणूस. तो म्हणाला, तुमच्या पाडव्याच्या कार्यक्रमाला मी येतो, लोकांच्या भावना खरंच इतक्या दुखावल्या असतील तर सदर थांबवतो. मग अध्यक्ष देशमुखकाकांनी कल्पना काढली: नागपूरच्या सामान्य माणसाचा संताप चित्रित करून संपादकाला दाखवायचा. मंडळात नागपूरची मी एकटी, आणि फेब्रुवारीत जाणारही होते. कामगिरी मी दोन्ही हातांनी घेतली.

विमानातून उतरले आणि नागपूरच्या हवेचा पहिला घोट घेतला, तेव्हाच माझी निम्मी गंभीरता गळून पडली. काय करू, मला या गावात शिरलं की हसूच येतं. विमानतळावर दादा दोन्ही हात वर करून उभा होता, मी त्याला दिसत नसेन म्हणून नव्हे, तर लोकांना तो दिसावा म्हणून. दादा निवृत्त इंग्रजीचा शिक्षक; अजूनही प्रत्येक गर्दीला तो वर्गच समजतो.

गाडी घराच्या रस्त्याला लागली आणि थांबली. पुढे खड्डा, खड्ड्याच्या पुढे मातीचा ढीग, ढिगावर एक कुत्रं निवांत झोपलेलं.

"मागच्या वर्षी सिमेंटचा झाला ना हा?" मी विचारलं.

"झाला ना! आता पाईप टाकायले फोडून राहिले. पाईप टाकला का मंग केबल. केबल झाली का मंग आठवते, अरे, नाली राहिलीच!" यापुढे दादा सरकारबद्दल जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. हेलनचं 'बहिरं' त्यापुढे आरतीतलं वाटलं असतं.

तिपाई बॅगेत होती हे बरंच झालं.

दारात वहिनीनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि माझ्या मागे रस्त्यावर पाहिलं. "हेलनबाई काहून नाही आल्या हो बाई?"

"तिला बरं नव्हतं," मी ठोकून दिलं.

"अव माय! काय झालं त्याईले?" वहिनीचा चेहरा असा उतरला की मला हेलनला जागच्या जागी किरकोळ सर्दीवर आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कामाला लागले. नागपूरच्या सामान्य माणसाला गाठायचं तर पोह्यांच्या ठेल्यावर जावं. इथे पोह्यांवर तर्री (हरभऱ्याचा लालभडक रस्सा) ओततात, आणि ती खाताना माणूस खोटं बोलू शकत नाही, कारण डोळ्यांतून, नाकातून सगळं आपोआप बाहेर येतं. मी तिपाई उभी केली. ठेलेवाला पोहे परतता परतता बघत होता.

"भाऊ, परदेशी लोक आपल्या सरकारले नावं ठेवून राहिले," मी माझी जुनी बोली झटकून काढली. "तुम्हाले काय वाटते?"

"कोण ठेवून राहिलं?"

"कॅनडातली एक बाई."

"काय म्हणते?"

"म्हणते, रस्ते बनवतात आन् फोडतात."

"मंग? खोटं बोलली का बाई?"

मी दुसरा सामान्य माणूस शोधायला मान वळवली. तेवढ्यात हेल्मेट न काढताच पोहे खाणारा एक जण पुढे झाला. "तिले विचारा, फक्त रस्तेच काहून लिहिले? आमच्या लायनीतले दिवे बंद पडून हायेत ना!" दुसऱ्यानं त्याला बाजूला सारलं, त्याच्याकडे नळाला पाणी येत नव्हतं. बघता बघता माझ्या तिपाईसमोर रांग लागली. जो तो प्लेट हातात घेऊन मोबाइलमध्ये वाकून आपापली तक्रार सांगायला लागला, जणू पलीकडे कॅनडात कोणीतरी पेन उघडून बसलंय.

शेवटी स्वेटरवाल्या एका आजोबांनी सगळ्यांना गप्प केलं. "बस करा गा! बाहेरच्या बाईनं आपल्याले शिकवायचं काम नाही."

मला तर उडीच मारावीशी वाटली. "बोला काका, बोला! इकडे बघून बोला!"

आजोबा मोबाइलसमोर ताठ उभे राहिले. "आमच्या सरकारले शिव्या द्यायले आम्ही समर्थ आहो," ते म्हणाले, आणि समर्थ असल्याचा पुरावा द्यायला लागले. पोहे थंड होईपर्यंत ते थांबले नाहीत. ठेलेवाल्यानं कढई उतरवून टाळ्या वाजवल्या. यातला एक शब्दही पाडव्याला बायकामुलांसमोर दाखवता आला नसता.

मी नाक पुसत दुसरी प्लेट मागितली. कामगिरी फसत होती, पण तर्री अशी होती की मला दुःख काही होईना.

मग विचार केला, माणसांचं जाऊ दे, निदान विकास तरी टिपू. चौकापलीकडे नवा कोरा सिमेंट रस्ता दिसत होता, वर मेट्रोचा पूल, त्यामागे निळं आकाश. चित्र असं की हेलनची बोलतीच बंद व्हावी. मी तिपाई उचलली, मागे मागे सरकत चौकट जमवली, अजून थोडी मागे सरले, आणि माझा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. सिमेंट ओलं होतं.

"ओ ताई! ओ ताई! दोरी नाही दिसली का?" मजूर ओरडत धावले. दोरी होती, तिच्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता. पाय निघाला, चप्पल राहिली. दोघांनी ती उपटून काढेपर्यंत रस्त्याचा तेवढा भाग पुन्हा उखडावा लागला. विकासाचं चित्रण करायला गेले आणि विकासातच रुतले. रस्ते कोण फोडतं याचं एक उत्तर मला तरी मिळालं होतं.

दादाला सांगितलं तर तो खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. मग म्हणाला, "चाल, उद्या गावाले जाऊ. काकानं रोडग्याचं जेवण ठेवलं हाय तुह्यासाठी."

आमचं गाव नरखेड तालुक्यात. थोडी वडिलोपार्जित संत्र्याची बाग तिथे आहे. ती बापूरावकाका, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, आपल्या बागेसोबत सांभाळतात. एसटी काटोलच्या पुढे गेली आणि खिडकीतून संत्र्यांचा वास यायला लागला. माझी मान आपोआप बाहेर गेली. झाडं पार वाकली होती. शेजारी बसलेल्या बाईनं टोपली मांडीवर घेत विचारलं, "कुठच्या वं तुम्ही?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"अव माय, म्हंजे हेलनबाईचं गाव?"

मी गर्रकन तिच्याकडे वळले. कंडक्टरही वळला. "जिथं डीपी बसला थेच ना?" डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर, शेतातल्या मोटारी त्याच्यावर चालतात. मी दादाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर पाहत होता आणि त्याचे कान हसत होते.

"दादा, हे काय आहे?"

"तुले नाही माहीत? मले वाटलं हेलनबाईनं सांगितलं असंन."

कसं सांगणार होती? दादाशी फोनवर बोलतानासुद्धा तिचं नाव निघालं की मी विषय बदलायचे. मग धावत्या एसटीत दादानं सगळं सांगितलं. मागच्या हिवाळ्यात मी पोट बिघडून नागपुरात लोळत होते, तेव्हा तो हेलनला एकटीलाच गावी घेऊन गेला होता. तेव्हा गावचा डीपी जळालेला होता. विहिरीत पाणी, पण मोटार चालेना; झाडं डोळ्यांदेखत सुकत होती. ऑफिसात खेटे घालून लोक थकले होते. गोरी बाई वही उघडून बसलेली पाहिल्यावर सगळा गाव तिच्याभोवती जमला आणि म्हणाला, लिहा.

"मी शब्द न शब्द इंग्रजीत सांगितला तिले," दादा अभिमानानं म्हणाला.

"आणि ते 'बहिरं सरकार'?"

"थे बापूरावकाकाचं वाक्य हाय!"

ज्या वाक्यावरून आमच्या मंडळानं ठराव केला, ज्यासाठी मी समुद्र ओलांडून तिपाई आणली, ते वाक्य माझ्याच काकांचं होतं. मी शेजारच्या बाईच्या टोपलीतली बोरं न विचारता खायला लागले.

पुढची कथा दादानं वर्गात सांगावी तशी उभं राहून सांगितली, सगळ्या एसटीला ऐकू जाईल अशी. हेलननं छापून आलेला लेख त्याला मोबाइलवर पाठवला. तो तसाच ऑफिसात गेला आणि साहेबांसमोर आधी इंग्रजीत, मग मराठीत खड्या आवाजात वाचला. साहेबांनी विचारलं, हे कुठं छापलं? कॅनडात. कोणी वाचलं असंन? दादा म्हणाला, "कॅनडानं." त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, डीपी आला.

बागेत पोहोचलो तर धूर आणि माणसं. रोडगे (कणकेच्या पोळ्यांच्या घड्या घालून वळलेले गोळे) गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायला टाकलेले, वांग्याची भाजी रटरटतेय, मागे मोटारीचा आवाज. हे काम आमच्याकडे पुरुषांचं, आणि बापूरावकाका त्यातले सेनापती. त्यांनी राखेच्या हातानंच माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हेलनबाईले काहून नाही आणलं वं?"

"काका, तुम्ही तिला सरकार बहिरं आहे म्हणालात?"

"हाव. तिनं कमी लिहिलं. मी बहिरं अन् वरून झोपेल हाय म्हटलं होतं."

पंगत बसली. पळसाच्या पत्रावळीवर काकांनी रोडगा चुरला, वर वरण घातलं, बाजूला भाजी, आणि तुपाचं भांडं घेऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी पहिला घास घेतला. डोळे मिटले.

"छान! काका, फारच छान!"

काकांचा हात थांबला. तूप काही पडेना.

"काही नाव ठेव ना वं."

"नाही हो काका. सगळं अगदी उत्तम झालंय."

पंगतीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा मला आठवलं. आमच्या गावची रीत आहे: रोडग्यांच्या पंगतीत घरच्या माणसानं काही ना काही खोट काढायचीच. मीठ, तिखट, कच्चेपणा, काहीही. जो नुसता छान छान म्हणतो तो परका. त्याला मान मिळतो, पण तुपाची दुसरी धार मिळत नाही. मी ही रीत कशी विसरले? तिकडे मी वर्षानुवर्षं सगळ्याला छान म्हणत आले. तिथल्या लोकांसमोर भारताला छान म्हणायचं, इथे येऊन इथल्यांना छान म्हणायचं. तीच सवय.

"मंग तू पाहुनी झाली पोरी," काका म्हणाले. रागानं नाही, हळूच. "हेलनबाईनं तर तोंडावर सांगितलं होतं, वांगं तेलकट झालं अन् रोडगा मधातून कच्चा हाय म्हणून. तुह्या दादानं भीत भीत मराठीत सांगितलं. तिले मी दोनदा तूप वाढलं."

मला रडू आलं. खरंच आलं, घास तोंडात असताना. हेलन या पंगतीत घरची झाली होती आणि मी, इथेच लहानाची मोठी झालेली, पाहुणी म्हणून बसले होते. राग आला काकांचा, हेलनचा, माझा, कुणाचा ते कळेना. मी पदरानं तोंड पुसलं आणि पत्रावळीकडे नीट पाहिलं.

"वरणात मीठ कमी आहे," मी म्हणाले. "आणि हा रोडगा या बाजूनं पार करपलाय. काका, तुमचं लक्ष कुठी होतं?"

"हां!" काका ओरडले, आणि तुपाची अशी धार सोडली की ती पत्रावळीतून वाहून माझ्या साडीवर आली. पंगत हसायला लागली. मग मला थांबवणं कठीण झालं. मी भाजीला नावं ठेवली, गोवऱ्यांना ठेवली, दादाच्या इंग्रजीला ठेवली, आणि शेवटी रस्ता, नाली, ऑफिस, साहेब, सगळ्यांना एका दमात. असं मोकळं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जेवणं झाली तशा सरपंच शोभाताई उठल्या. हातात शाल आणि नारळ. हेलनबाईंचा सत्कार करायचा होता, त्या नाहीत म्हणून त्यांच्या वतीनं शेजारीण मी. माझ्याच तिपाईवर माझाच मोबाइल चढवून माझा सत्कार टिपला गेला. सदर बंद पाडायला निघालेली बाई सदराच्या वतीनं शाल पांघरून उभी, आणि सारा गाव टाळ्या वाजवतोय! मी हसून हसून वाकले. लोकांना वाटलं मी भारावले.

शोभाताई मोबाइलकडे पाहून म्हणाल्या, "हेलनबाई, डीपी बसला. तुमचे उपकार आहेत. आता आमच्या रस्त्याचं लिहा."

"अन् नालीचं!" मागून काका ओरडले.

नारळ विमानात नेऊ देतील की नाही म्हणून तिथेच फोडून खाल्ला. शाल मात्र बॅगेत आली, चॉकलेटांच्या रिकाम्या जागेत.

पाडव्याला कॅनडात बर्फ वितळत होता. आमच्या हॉलमध्ये गुढी, पुरणपोळ्या आणि पहिल्या रांगेत संपादक. मी कुणालाच आधी काही सांगितलं नव्हतं. शिव्या तेवढ्या कापल्या आणि बाकी सगळं जसंच्या तसं दाखवलं, रांग लावून तक्रारी सांगणारा ठेला, पंगत, शाल, काका. संपादकासाठी मी शेजारी बसून भाषांतर करत होते, आणि एकही शब्द मऊ केला नाही.

संपलं आणि दिवे लागले. एक जोडपं पुरणपोळी न खाताच उठून गेलं. त्यांना काय वाटलं असेल ते मला कळतं. त्या गल्ल्यावरच्या मुलीचा कीव करणारा आवाज मीही ऐकलाय. दुरून आपण देशाचा फोटो पुसत बसतो. तिकडची माणसं त्या घरात राहतात, ते रोज झाडतात, आणि झाडताना बोलतात. पुसणाऱ्याला माया नसते असं नाही. पण घर त्यानं स्वच्छ होत नाही, हे मला आता पटलं होतं.

मग मागून एक आवाज आला, "आमच्या गावच्या पुलाचंही असंच आहे." सांगलीच्या एक बाई. त्यांच्या पाठोपाठ अकोल्याचे एक जण, मग कुडाळचे. पुरणपोळ्या वाढता वाढता, खाता खाता, जो तो आपापल्या गावचं गाऱ्हाणं सांगत होता, आणि मी शपथेवर सांगते, मंडळात इतकी मजा त्याआधी कधी आली नव्हती.

संपादकानं घड्याळ पाहिलं आणि अध्यक्षांना विचारलं, "मग सदर थांबवायचं ना?"

सगळ्यांनी देशमुखकाकांकडे पाहिलं. ठराव त्यांचा होता. काका इथे कायम छापील मराठी बोलतात. ते कुठले, हे आम्हाला नीट ठाऊकही नव्हतं. त्यांचा चेहरा लाल झाला. भांडायचं की रडायचं हे ठरत नव्हतं बहुधा.

"बंद काहून?" ते एकदम म्हणाले. "आमचं हिंगणघाट राहिलं ना अजून!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चिखल तुडवत मी हेलनच्या दारात गेले. तिनं साखळी न काढता दार थोडंसं उघडलं. मी शाल पुढे केली आणि कुणी दिली ते सांगितलं.

"डीपी बसला, हे तुला सांगायला आले होते मी," ती म्हणाली. "तू घरात होतीस. दिवा चालू होता. दार उघडलं नाहीस."

"हो," मी म्हणाले. साखळी तशीच होती. पाठ केलेली माफी मी ऐन वेळी विसरले, आणि तिच्याऐवजी भलतंच बाहेर पडलं.

"तुझ्या त्या लेखात चुका आहेत, हेलन. रोडगे तळलेले लिहिलेस. रोडगे तळत नाहीत, आरात भाजतात. आणि बापूरावकाका सरकारला नुसतं बहिरं नव्हते म्हणाले."

हेलननं दार लावलं. आतून साखळी निघाल्याचा आवाज आला आणि दार सताड उघडलं.

"आत ये," ती म्हणाली. "आणखी काय काय चुकलंय ते सांग."